चांदीचा पातळ हात

नाशिकजवळ मखमलाबादला खोडे कुटुंबाच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती सोडून कुणी दुसरं काही केलं नव्हतं. त्या घरातला रंगनाथ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चांदीचं पाणी चढवायच्या कामाला लागला, तेव्हा त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "सावलीत काम हाय ना?" तो हो म्हणाला. विषय संपला.

मी त्याच शॉपमध्ये बफिंगला होतो, म्हणजे वस्तू घासून गुळगुळीत करायचं काम. माझ्या हातून गेलेली वस्तू रंगनाथ तांब्याच्या तारेला टांगून टाकीत सोडायचा, करंट द्यायचा, आणि ती पांढरीशुभ्र होऊन वर यायची. देवांचे मुकुट, प्रभावळी, समया, लग्नातली ताटं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच सांगायचं, "थर जाड द्या हो, उद्या आतलं पितळ दिसायला नको." रंगनाथ जाड द्यायचा. जाड थर म्हणजे नेकीचा माणूस, अशी आमच्या धंद्यातली समजूत. मुकुटाच्या बाबतीत ती खरीही आहे.

पंच्याण्णव साली शुभांगी मॅडम आल्या. त्या कुठल्याशा संशोधन संस्थेत इंजिनियर होत्या. त्यांनी पेटी उघडली, तर आत मऊ कागदात गुंडाळलेली बेअरिंगची पोलादी कडी.

"यांना चांदी चढवायची आहे," त्या म्हणाल्या.

आमच्या मालकांनी, शेठनी, एक कडं उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग हात जोडल्यासारखं करून म्हणाले, "मॅडम, कोणत्या देवाची आहेत?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. ही बेअरिंगं जिथे फिरणार तिथे हवाच नाही. तिथे तेल घातलं तर ते उडून जातं आणि शेजारच्या काचांवर जाऊन बसतं. तेल नाही घातलं तर पोलाद पोलादाला चिकटतं. म्हणून दोघांच्या मध्ये मऊ धातूचा थर. चांदी मऊ, ती दबते, सरकते, आणि बेअरिंगमधला पोलादी चेंडू सुखाने फिरतो.

"मंग देतो चांगला जाडजूड," रंगनाथ म्हणाला.

"नको! अगदी पातळ. केसापेक्षाही कितीतरी पातळ. जाड दिला तर उलट जड फिरेल."

रंगनाथला ते पटेना. मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे शेती आहे ना? पाणी भरताना बांधावरून चालता. टणक बांधावर नुसता ओला चिखल असला तर काय होतं?"

"पाय सटकतो."

"आणि वाफ्यात घोटाभर चिखल असला तर?"

"रुततो. उपसून काढावा लागतो."

"मग झालं. खाली टणक, वर पातळ मऊ. म्हणजे सटकेल. मऊ जाड झालं की चेंडू त्यात रुततो, पुढे ढीग साचतो, आणि तो ढीग ढकलण्यात सगळा जोर जातो."

मला वाटलं, समजलं, काम करा, चला. रंगनाथचं तसं झालं नाही. तो त्या दिवशी डबा उघडून बसला आणि न खाता भाकरीकडे बघत राहिला. आयुष्यभर आपण जाड थर देत आलो, आणि सगळं जग याच चुकीमुळे जड फिरतंय, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्यानंतर त्यानं पातळ थराचा जो संसार मांडला, तो सगुणाबाईंनी कसा सोसला ते त्यांनाच माहीत. सगुणाबाई म्हणजे त्याची बायको, फुलांच्या टोपल्या घेऊन बाजारात बसणारी, आवाजाची खणखणीत. अक्षय तृतीयेला देवळ्याहून त्यांचे भाऊ आले. पुरणपोळीवर तूप वाढायला रंगनाथ स्वतः उठला. त्यानं चमच्याच्या टोकानं पोळीवर असं काही तूप फिरवलं की पोळीवर नुसती चमक आली.

"दाजी, तूप संपलं का?" मेव्हण्यानं विचारलं.

"डबा भरलेला हाय. पण जाड तुपात घास रुततो."

"रुतू द्या की!"

"तुमच्या भल्याचं सांगू राहिलो."

मग त्यानं पाटावर बसून चिखलाचा आणि बांधाचा सगळा दाखला दिला. मेव्हणे दुसऱ्या दिवशी जाणार होते, ते त्याच दुपारच्या एसटीनं गेले. सगुणाबाई नंतर आमच्या घरी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, मी बेअरिंग असते तर बरं झालं असतं. यांनी माझ्या माहेरच्यांना तरी जपलं असतं."

सुतकाच्या घरी गेला तर दारातूनच "वाईट झालं" म्हणून परत यायचा. दुःखाचा थर जाड झाला की माणूस त्यात रुततो, हे त्याचं म्हणणं. लोकांना वाटलं याचं जुनं वैर असेल. भांडणातही तो एकच शब्द बोलायचा आणि गप्प व्हायचा, त्यामुळे समोरच्याला पुढचं भांडण एकट्यानं करावं लागायचं.

बरं, मॅडमची कडी तरी पहिल्या फटक्यात जमली म्हणायची सोय नव्हती, कारण त्याच्या पहिल्या तीन खेपा परत आल्या होत्या. एकदा चांदीचे पापुद्रे निघाले, एकदा एका बाजूला जास्त बसली. चौथ्या वेळी मात्र जमलं. मॅडमनी एक बेअरिंग जोडून बोटावर फिरवून दाखवलं तेव्हा आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत होतो, आणि ऐकायला काहीच आलं नाही.

हे सगळं चहाच्या टपरीवर कुंदननं ऐकलं. कुंदन हा लग्नाचा डेकोरेटर. त्या वर्षांत नाशिकात फिरत्या स्टेजची टूम निघाली होती. नवरा-नवरी सिंहासनावर बसायची आणि सिंहासनासकट सगळं स्टेज गोल फिरायचं. कुंदननं भंगार बाजारातून क्रेनचं भलंमोठं बेअरिंग आणून त्यावर स्टेज बसवलं होतं. पण ते रडक्या पोरासारखं कोकलायचं. ग्रीस भरलं तर उन्हानं पातळ होऊन बाहेर यायचं. गंगापूर रोडच्या एका लग्नात नवरीच्या शालूला काळं ग्रीस लागलं आणि तिच्या मामांनी कुंदनला वरण-भाताच्या पातेल्यांबरोबर कोठीत कोंडून घातलं होतं.

"रंगनाथभाऊ, बिना तेल का बेअरिंग पाहिजे," कुंदन म्हणाला. "चांदवडला चिमाजी अण्णांच्या मुलाचं लग्न आहे. एक थेंब सांडला तर अण्णा मला कांद्याच्या चाळीत गाडतील."

चिमाजी अण्णा कांद्याचे मोठे व्यापारी. बेअरिंगला चांदी लागणार हे कळताच ते स्वतः जीप घेऊन अंबडला आले. बरोबर आईचे चांदीचे तोडे, कंबरपट्टा आणि गोठ.

"आमच्या म्हातारीचा जीव होता नातवावर," अण्णा म्हणाले. "ही सगळी चांदी त्याच्यात घाला. हात आखडायचा नाय. चांगला बोटभर थर द्या."

"अण्णा, पातळ द्यावा लागतो."

"पातळ? चिमाजीच्या घरच्या लग्नात?"

रंगनाथनं बांध सांगितला, चिखल सांगितला. अण्णांनी शेठकडे पाहिलं, शेठनी रंगनाथकडे पाहिलं, आणि गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं ठरलं. बोटभर शक्यच नव्हता, पण टाकीला झेपेल तेवढा जाड थर आम्ही दिला. चांदवडच्या शाळेच्या पटांगणावर स्टेज जोडलं, अण्णांना सिंहासनावर बसवलं, कुंदननं बटण दाबलं. मोटर घुमली. स्टेज वीतभर पुढे गेलं, थबकलं, आणि उठायला निघालेली म्हैस विचार बदलून पुन्हा बसते तसं मागे आलं. उघडून पाहिलं तर बेअरिंगच्या प्रत्येक पोलादी चेंडूनं चांदीत आपापली बशी करून घेतली होती आणि तो तिच्यात आरामात बसला होता.

"आवाज तर नाय आला!" अण्णा म्हणाले. ते समाधानी होते.

आता रंगनाथ त्यांना हाताला धरून त्यांच्याच खळ्यावर घेऊन गेला. फरशीवर कांद्याची टरफलं पसरली होती आणि हमाल त्यावरून गोण्या ओढत होते.

"अण्णा, ही गोणी सरकती कशावर?"

"टरफलावर. नुसत्या फरशीवर घासती."

"आन्‌ त्या कोपऱ्यातल्या टरफलाच्या ढिगावरून ओढली तर?"

अण्णांनी ढिगाकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, मंग आधीच कांद्यात सांगायचं ना! चिखलात कशाला सांगितलं?"

सगळी चांदी उतरवून रंगनाथनं या वेळी पातळ हात, म्हणजे पातळ थर, दिला. उरलेल्या चांदीचं, अण्णांच्या समाधानासाठी, सिंहासनावर छत्र केलं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यातलं ते लग्न. नवरदेव महेश, नवरी पूजा, सायखेड्याची. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, जोडी सिंहासनावर बसली. रंगनाथ आणि मी पाहुण्यांत बसलो होतो. कुंदननं बटण दाबलं आणि स्टेज निघालं, इतकं हळुवार की समोरचा हार हलला नाही. आवाज शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा आमच्याकडे बघून मान डोलवत होते. मला आठवतं, रंगनाथच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेही बेतानंच.

मग भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली.

कुंदन निवांत होता. आतापर्यंत वीज गेली की स्टेज जागच्या जागी थांबायचं. थांबवायची वेगळी सोय कुणी केलीच नव्हती, कारण घर्षण ते काम फुकटात करत होतं. या वेळी मोटर बंद पडली, पट्टा निसटून खाली पडला, आणि स्टेज फिरतच राहिलं.

"थांबेल," कुंदन म्हणाला.

आहेराची रांग लागली होती. पहिल्या पाहुण्यानं पाकीट पुढे केलं तोवर समोर सिंहासनाची पाठ आली. तो जोडीबरोबर चालू लागला. त्याच्यामागून दुसरा. थोड्याच वेळात सगळी रांग स्टेजभोवती लगबगीनं फिरू लागली, तोल जाऊ नये म्हणून प्रत्येकाचा हात स्टेजच्या कठड्यावर. फोटोग्राफर उलट्या पावली पळत होता. पूजाची सायखेड्याची आजी चिमणाबाई एका जागी मूठभर अक्षता घेऊन उभी राहिली. दर वेळी ती हात उचलायची आणि अक्षता फोटोग्राफरवर पडायच्या. त्याला त्या दिवशी भरपूर आशीर्वाद मिळाले.

"आजी, थांब तिथंच, पुढच्या फेरीला वाकते मी!" पूजा ओरडून सांगायची, आणि खरंच पुढच्या फेरीला वाकायची.

पूजानं सगळ्यांचे नंबर लावले होते. "मामी, तुम्ही या फेरीला. आत्या, तुम्ही पुढच्या." महेशचा चेहरा मात्र कच्च्या कैरीसारखा झाला होता.

"मला उतरवा," तो म्हणाला.

"खाली बघू नका," पूजा त्याला म्हणाली. "माणसांकडं पण नका बघू. माझ्याकडं बघा. मी तुमच्याबरोबरच फिरू राहिली ना? मंग मी जागच्या जागी हाय."

महेशनं तिच्याकडे बघायला सुरुवात केली आणि त्याचं गरगरणं थांबलं. मग मान वळवायची त्याची हिंमतच झाली नाही. चांदवडात आजही सांगतात, की पोरगं भर मांडवात बायकोवरून नजर काढत नव्हतं.

चार धट्टेकट्टे गडी कठडा धरायला पुढे झाले, तर भटजी आडवे आले. स्टेज उजवीकडून फिरत होतं. "ही प्रदक्षिणा आहे," भटजी म्हणाले. "प्रदक्षिणा मध्येच अडवता येत नाही."

"मंग किती वेळ चालायची?" अण्णांनी विचारलं.

"ते शास्त्रात नाही."

पहिली पंगत बसली आणि उठली. स्टेज फिरतच होतं. कुंदन रंगनाथपाशी येऊन रडकुंडीला आला. "भाऊ, काय लावलंय याला?"

रंगनाथ कधीचा रांगेकडे बघत होता. "मी लावलं ते लावलं," तो म्हणाला, "पण त्याच्यावर एवढा वेळ नाय चालायचं. ती बघ माणसं. आधाराला म्हणून हात ठेवतात आन्‌ भरभर चालतात. समदे मिळून ढकलू राहिलेत."

हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "आहेर तर बंद करता येणार नाय. लोक लांबून आलेत."

शेवटी रंगनाथनं भटजींना विचारलं, "महाराज, थांबवायचं नाय, हे कबूल. पण आपोआप थांबलं तर?"

भटजींनी विचार केला. "आपोआप थांबलं तर देवाची इच्छा."

"आन्‌ देवाला थोडी मदत केली तर?"

भटजी भुकेले होते. ते म्हणाले, "मी जेवायला बसतो. मला काही दिसलं नाही."

कुंदननं घाई केली. त्यानं बुंदीचं ताट उचललं आणि स्टेजखालच्या फटीत रिकामं केलं. बुंदी म्हणजे बारीक गोळेच. ते आत घरंगळले, तुपानं माखले, आणि स्टेजला उलट हुरूप आला. महेश ओरडला, पण पूजाकडे बघतच ओरडला.

रंगनाथ कापड वर करून स्टेजखाली शिरला. आतून त्याचा आवाज आला, "लापशी आणा! घट्ट झालेली, खालची! समदं पातेलं!"

मी आणि आचाऱ्यानं पातेलं सरकवलं. तीन वर्षं पातळ थरासाठी भांडलेला तो माणूस अंधारात पालथा पडून दोन्ही हातांनी लापशीचे गोळे कड्यात लिंपत होता. आम्हाला बाहेरून एवढंच ऐकू येत होतं, "रुत आता. रुत. रुत रे बाबा." स्टेज मंदावलं, एकदा उसासलं, आणि थांबलं. थांबलं ते नेमकं कोठीकडे तोंड करून. पूजानं समोरच्या आचाऱ्यालाच पहिला नमस्कार केला, आणि आचाऱ्यानं तिला डाव वर करून आशीर्वाद दिला.

आम्हाला वाटलं आता अण्णा चामडी सोलणार. अण्णांनी रंगनाथला लापशीसकट मिठी मारली. असं लग्न जिल्ह्यात झालं नव्हतं. पुढच्या हंगामात कुंदनकडे मागण्यांचा पाऊस पडला. सगळ्यांना चांदवडचंच स्टेज हवं होतं, फक्त ते थांबायला हवं होतं. कुंदननं जुन्या स्कूटरचा ब्रेक काढून खाली बसवला. पण तो दाबायचा कुणी, किती, कधी? झटक्यानं दाबला तर नवरा-नवरी आहेराच्या टेबलावर. त्याला जाणता हात हवा. तो हात एकच होता.

असं पुढची सात वर्षं चाललं. दिवसा रंगनाथ शॉपमध्ये घर्षण कमी करायचा. मॅडमची कडी येत राहिली, बिनहवेच्या जागी जात राहिली. लग्नसराईच्या दिवसांत तो संध्याकाळी स्टेजखाली सतरंजीवर आडवा पडायचा आणि स्वतःच घर्षण व्हायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "रंगनाथ, हे उलटं नाही का झालं?" तो म्हणाला, "उलटं कसं? एकानं चालवायचं, एकानं थांबवायचं. मला दोन्हीकडून चहा मिळतो."

खालून त्याला लग्न दिसायचं ते घोट्यापर्यंत. कापडाच्या फटीतून पैठणीचे काठ, नव्या बुटांच्या करकरीत टाचा, चोरून बदललेल्या चपला. मी कधी त्याला डबा द्यायला वाकलो की तो हळूच सांगायचा, "ती जोडवी बघ, नवरीची मावशी. रुसलीये. मघापासून स्टेजकडं बोटंच वळवली नाय." किंवा, "ते पांढरे बूट आज चौथ्या लग्नाला आलेत. कुणाचेच पाहुणे नाय ते, नुसते जेवायला येतात." अर्ध्या नाशिकची सोयरीक त्याला पायांवरून पाठ झाली होती. तुपाच्या बाबतीतही तो जरा सैल झाला. सगुणाबाईंनी देवळ्याला निरोप धाडला आणि मेव्हणे पुन्हा येऊ लागले. वाढायला मात्र सगुणाबाईच उठायच्या.

दोन हजार पाचात त्याच्या मुलीचं, दिशाचं, लग्न ठरलं. कुंदन धावत आला. स्टेज फुकट देतो म्हणाला, नवी झालर लावतो म्हणाला.

"नको काका," दिशा म्हणाली. "स्टेज आलं तर बाबा खाली असणार. मला बाबा वर पाहिजेत."

मग मळ्यातच मांडव घातला. घरच्याच झेंडूच्या माळा, दोन लाकडी खुर्च्या, हलणार नाहीत अशा. सगुणाबाईंनी रंगनाथला फेटा बांधून दारात उभं केलं, येणाऱ्यांचं स्वागत करायला. मी त्याच्या शेजारी होतो.

पहिले पाहुणे आले. रंगनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, ओळख लागेना. घाबरून त्यानं मान खाली घातली, आणि त्याचा चेहरा उजळला. "या, या! गंगापूर रोडवाले ना? टाच दुखायची, बरी झाली का?" पाहुणे चमकले. त्यांनी आपल्या पायाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "झाली की," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

मागून दुसरे आले. तो पुन्हा खाली वाकून बघू लागला. लोकांना वाटलं, मुलीचा बाप किती लीन आहे, प्रत्येकाच्या पाया पडतोय. मोठी माणसं ओशाळली आणि तीही त्याच्यापुढे वाकू लागली. मांडवाच्या दारात सगळेच वाकलेले, कुणाला कुणाचं तोंड दिसेना, आणि रांग रस्त्यापर्यंत गेली. आतून सगुणाबाईंचा आवाज आला, "अहो, माणसं आत घ्या! मुहूर्त टळंल!"

रंगनाथ म्हणाला, "घेतो, घेतो. एवढ्या कोल्हापुरी चपला कुणाच्या तेवढं आठवू दे."